मागच्या आडव्या बाकावरून टाटा सुमो

सुमोच्या मागच्या दाराला स्टेपनी लटकवलेली असते. त्यामुळे ते दार उघडायला जोर लागतो आणि लावायला त्याहून जास्त. आमच्या घरात हा जोर लावायचं काम धाकट्या सुनेकडे होतं. धाकटी सून म्हणजे मी. सगळे बसले की मी पिशव्या मोजायची, पदर खोचून मागून आत शिरायची आणि दार ओढून घ्यायची. पहिल्यांदा ओढलं की पुढून आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा आवाज, "लागलं न्हाई." दुसऱ्यांदा ओढलं की, "हळू, मोडतंय आता."

ही गाडी 2019 साली बंद झाली. तिच्यावर लिहिणारे पुरुष बहुतेक ड्रायव्हरच्या सीटवरून लिहितात: इंजिन, पिकअप, अ‍ॅव्हरेज. मी तिच्यात पहिली तीन वर्षं मागच्या आडव्या बाकावर काढली आणि पुढची चौदा स्टिअरिंगवर. मधल्या सीटवर बसल्याचं मला फारसं आठवत नाही, तेवढा भाग सोडून देते.

आमची सुमो 1997 सालची, पांढरी, एमएच-12 पासिंगची. 2000 साली आबांनी ती पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली. ट्रॅक्टरचं कर्ज नुकतंच फिटलं होतं. कराडजवळ आमची उसाची शेती आणि खतांचं दुकान. घरात तेरा माणसं, आणि वाहनं म्हणाल तर एक राजदूत मोटरसायकल, एक ट्रॅक्टर. पालीच्या खंडोबाला जायचं तर ट्रॉलीत सतरंजी टाकून जायचो. तेव्हा गाडी कुठली घ्यायची यावर घरात चर्चा झालीच नाही. तेरा माणसांना परवडेल अशी बंद काचांची डिझेल गाडी आमच्या डोळ्यांपुढे एकच होती.

याला कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या कुटुंबासाठी बाजारात फार काही नव्हतं. महिंद्राच्या जीपच्या जातीच्या गाड्या होत्या, 1993 मध्ये अरमाडा आली, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स होती. ट्रॅक्समध्ये आम्ही सगळे बसलेलो होतो, पण वडापवाल्याच्या, म्हणजे गावोगाव भाड्यानं माणसं नेणाऱ्याच्या. अँबॅसिडर लग्नाला भाड्यानं यायची. टेल्को (टाटा मोटर्स हे नाव 2003 मध्ये झालं) तोवर ट्रक करणारी कंपनी म्हणूनच ओळखीची. तिनं आधी पिकअप काढली, मग त्याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा, 1992 मध्ये इस्टेट आणि 1994 मध्ये सुमो. सिएराला बाजूची दारं दोनच. दिसायला देखणी, पण सासूबाईंना मागे बसवायचं तर पुढची सीट वाकवून. इस्टेट चांगली पण महाग. सुमोत मात्र त्या लोकांनी देखणेपणाचा नाद सोडला आणि चौकोनी डबा केला. उंच छप्पर, मोठ्या काचा, कागदोपत्री दहा माणसं: पुढे तीन, मध्ये तीन, आणि मागे समोरासमोर दोन-दोन. 1997 पर्यंत लाखाच्या वर सुमो विकल्या गेल्या होत्या. त्या काळात एवढ्या मोठ्या गाडीसाठी हा आकडा फार मोठा होता.

नावाचा जपानी पैलवानांशी संबंध नाही. मलाही पुष्कळ वर्षं तो आहे असंच वाटायचं, कारण गाडी दिसते तशीच, मांडी ठोकून उभी. सुमंत मूळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला (Moolgaokar) 'मो'. टेल्को उभी करणाऱ्यांतला मोठा माणूस. पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर त्यांनी कारखाना तर उभारलाच, शिवाय झाडं लावली आणि तळं करवलं. 1989 मध्ये ते गेले, त्यामुळे स्वतःच्या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही. ते दुपारच्या जेवणाला हायवेच्या ढाब्यावर जाऊन ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीत बसायचे आणि तक्रारी ऐकायचे, अशी एक गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षातून दोनदा तरी येते. खरी असेल, नसेल. पण ऐकून घ्यायचंच होतं तर मागच्या बाकावरच्या बायकांचंही कुणीतरी ऐकायला हवं होतं.

तर मागचा बाक.

बसायची व्यवस्था कुणी ठरवली नव्हती आणि कधी मोडलीही नाही. स्टिअरिंगवर थोरले दीर. खिडकीशी आबा. दोघांच्या मध्ये थोरला पुतण्या, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, कारण गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला आणि दुसरा गिअर टाकला की त्याच्या गुडघ्याला लागायचा. मधल्या सीटवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी नणंद आणि अक्का. अक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई. उरलेले सगळे मागे. उरलेल्यांत मी, आमचे हे, दोन्ही घरची पोरं, नणंदेच्या मुली, स्टोव्ह, दशम्यांचं गाठोडं, नारळाची पिशवी आणि पाण्याचा कॅन. दहाच्या गाडीत आम्ही चौदाजण बसायचो. दोष गाडीचा नाही, आमचा.

आडव्या बाकावर बसलं की रस्ता दिसत नाही. येणारं गाव कळत नाही, गेलेलं कळतं. तुळजापूरचं, पंढरपूरचं, नरसोबाच्या वाडीचं मला पहिलं दर्शन मागच्या काचेतून झालं, स्टेपनीच्या बाजूनं. कमान मागे पडली की समजायचं, आलो. वळणाला अंग एकीकडे जातं आणि पोटातलं दुसरीकडे. ब्रेक लागला की सगळा बाक पुढे सरकून मधल्या सीटच्या पाठीला टेकतो. मागे पाटे आहेत, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ट्रकसारख्या. गाडी भरलेली असली की पाटे दबून चाल मऊ होते, रिकामी असली की प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचतो. म्हणून सुमोचं परीक्षण करायचं तर गाडी भरून करावं. एकटा माणूस चालवून बघतो आणि "धक्के बसतात" लिहितो, तो तिच्यावर अन्याय करतो.

कुंभार्ली घाटात मला एकदा इतकी मळमळ झाली की पोफळीला उतरून रस्त्याकडेच्या दगडावर अर्धा तास बसले होते. गणपतीपुळ्याला निघालो होतो. पण खरं सांगायचं तर पाटणला थांबून मी चार वडे खाल्ले होते. आत्याबाईंनी पहिल्या वड्यालाच डोळे वटारले होते. त्यानंतर माझ्या पिशवीत आवळासुपारी कायमची आली.

आता या बाकाची दुसरी बाजू. एकत्र घरात नवरा-बायकोला दिवसाउजेडी समोरासमोर बसायला जागा नसते. ते दुकानात, मी चुलीपुढे. जेवायला पुरुष आधी, बायका नंतर. सुमोच्या मागच्या बाकावर मात्र आम्ही चार-चार तास गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसलेलो असायचो. दोघांच्या मांडीवर एकेक पोर झोपलेलं, इंजिनाचा आवाज एवढा की आम्ही काय बोलतो ते मधल्या सीटपर्यंत जात नसे. आमच्या संसारातले काही महत्त्वाचे निर्णय, धाकटीला कुठल्या शाळेत घालायचं इथपासून, पेठनाका ते कोल्हापूर या पट्ट्यात झालेत. कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नव्हतं.

स्टिअरिंग माझ्या हातात आलं ते दिरांचा हात मोडला म्हणून. 2003 चा उन्हाळा. मोटरसायकलवरून पडले, दीड महिना प्लास्टर. यांना गाडी येत होती, पण दुकान सोडून येणार कोण? आबांना दर सोमवारी कराडला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आमच्या ट्रॅक्टरवरच्या माणसानं मला साखर कारखान्याच्या मोकळ्या मैदानात शिकवलं, उसाचा हंगाम संपला होता. त्याची शिकवण्याची पद्धत अशी, की तो खाली लिंबाच्या सावलीत बसायचा आणि हातानं खुणा करायचा. आत बसायला तयार नव्हता. भीतीनं की लाजेनं, ते विचारलं नाही.

आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. उभ्या गाडीत चाक वळवणं म्हणजे जात्यावर दोन पायली जोंधळे दळणं. पण माझ्या दंडांना जात्याची सवय होती. गाडी जरा सरकली की तेच चाक हलकं होतं, हे एकदा कळलं की झालं. उंच बसायला मिळतं, बोनेटची दोन्ही टोकं दिसतात, चौकोनी असल्यामुळे गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचा अंदाज लगेच येतो. नव्या गाड्यांत मला हे मिळत नाही. मुलाच्या गाडीत पडद्यावर मागचं दिसतं, पण समोरचा कोपरा कुठे आहे ते देवालाच माहीत.

म्हणजे पुढच्या रांगेत बसायचा माझा पहिला मान थेट ड्रायव्हर म्हणून. मधली पायरी लागलीच नाही. पहिल्या सोमवारी आबा खिडकीशी बसले, दोन्ही हातांनी वरची दांडी धरून. ओगलेवाडीच्या फाट्यापर्यंत एक शब्द नाही. परत येताना फक्त एवढंच म्हणाले, "थोरला लई हॉर्न वाजवतो." हे माझं कौतुक होतं हे समजायला मला दोन दिवस लागले.

इंजिनाबद्दल थोडं. जुन्या सुमोत 1948 सीसीचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, ताकद पासष्टच्या आसपास घोडे. आजच्या बऱ्याच लहान गाड्यांतही याहून जास्त असते. सपाटीला गाडी आपल्या मर्जीनं छान पळते, चढाला जरा विचार करते. खंबाटकीच्या घाटात दुसऱ्या गिअरला यायचं आणि पुढच्या ट्रकच्या मागे गुमान चालायचं. ओव्हरटेक हा प्रकार आधी ठरवून, आरशात बघून, देवाचं नाव घेऊन करायचा. याचा फायदा असा, की सुमोवर शिकलेला माणूस सबुरी शिकतो. आम्हाला लिटरला अकरा-बारा पडायचं. एकदा उंब्रजजवळ इंजिन तापून गाडी उभी राहिली. पाणी बघायचं काम माझ्याकडे होतं आणि मी आठवडाभर बोनेट उघडलं नव्हतं. रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यानं कळशीभर पाणी दिलं.

दुरुस्ती हा या गाडीचा खरा गुण. कराडात ज्या मिस्त्रीकडे आम्ही जायचो, तो मुळात टाटाच्या 407 टेम्पोचा माणूस. कॉम्प्युटर नाही, वायरींचं जाळं नाही. पाना आणि कान, एवढ्यावर चालायचं. तो बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा. सामान तालुक्याला मिळायचं, नाही मिळालं तर वडापवाल्याकडे हमखास मिळायचं.

कंपनीनं 2000 साली स्पासिओ काढली ती याच लोकांसाठी. 407 चं 2956 सीसीचं इंजिन सुमोत बसवलं, वरचा साजशृंगार कमी केला, किंमत खाली आणली. वडापवाल्यांनी ती उचलून धरली. माझ्या मते सुमोचं नशीब तिथेच फिरलं. एकदा का गाडी स्टँडवर "चला पाटण, पाटण, पाटण" ओरडायला लागली, की दारात उभी करायला घरची माणसं नाखूश होतात. आमच्याच आळीत एकानं विचारलं होतं, "वडाप लावलीय का वहिनी?" आबा दोन दिवस गप्प होते.

आणि वेळही वाईट होती. जानेवारी 2000 मध्ये टोयोटानं क्वालिस आणली. आतून मऊ, आवाज कमी, एसी जोरदार. 2002 मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ आली. दिरांचं मन त्या दिवसापासून सुमोतून उडालं. टाटांनी 2004 मध्ये व्हिक्टा काढली, जुन्याच डब्याला नवा चेहरा आणि बऱ्यापैकी आतलं सामान. ती मी पुष्कळ चालवलीय, नणंदेच्या घरची. मला विचाराल तर कुटुंबासाठी सुमोतली सगळ्यात समतोल हीच. 2008 ची ग्रँड नावाला सुमो, बाकी वेगळीच: 2.2 लिटरचं डायकॉर इंजिन, 120 घोडे, टाटांच्याच सफारीच्या चुलत बहिणीसारखी. ताकद भरपूर, पण सुमो घ्यायला आलेला माणूस तेवढे पैसे देत नव्हता, आणि तेवढे पैसे असलेला माणूस सुमो हे नाव घेत नव्हता. 2011 मध्ये गोल्ड आली. पुन्हा तोच चौकोनी डबा, पण आत तीन लिटरचं, नव्या पद्धतीचं (कॉमन रेल) इंजिन, 85 घोडे आणि ओढ भरपूर. घाटात मी गोल्ड चालवली तेव्हा जरा रागच आला, हे इंजिन आम्हाला 1997 मध्ये का नाही मिळालं म्हणून.

तोवर लोकांची गरजच बदललेली. 2012 मध्ये मारुतीची अर्टिगा आली, सात माणसांची, कारसारखी हलकी. आमच्याकडे 2009 मध्ये वाटण्या झाल्या. भांडण नाही, पोरं मोठी झाली, घरं पुरेनात. दिरांनी स्कॉर्पिओ घेतली, सुमो आमच्या वाट्याला. दहा जागांची गाडी आणि माणसं चार. रिकाम्या गाडीचे धक्के तेव्हा कळले. मागचा बाक दुमडून आम्ही खतांची पोती न्यायला लागलो. बाकीच्या गावांतही हेच चालू होतं. तेरा माणसांची घरं फुटून चारांची झाली, तशी सुमो आधी घरांतून गेली, मग स्टँडवर राहिली, मग तिथूनही गेली.

शेवट नियमांनी केला. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या गाडीला चालकाची एअरबॅग, पट्ट्याची आठवण करणारी घंटी, वेगाची सूचना आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. त्याच वर्षी धडक-चाचणीचे कडक निकष आले आणि एप्रिल 2020 पासून कमी धुराची बीएस-6 इंजिनं लागणार होती. पंचवीस वर्षांच्या सांगाड्यात हे सगळं बसवायचं तर नवी गाडीच करावी लागली असती. कंपनीनं गाजावाजा न करता उत्पादन थांबवलं. नियमांबद्दल माझी तक्रार नाही. आडव्या बाकावर आम्ही पोरांना पट्ट्याशिवाय नेलंय, मांडीवर झोपवून, रात्रीच्या हायवेवर. आज नातीला तसं नेऊ म्हटलं तर सून मला घराबाहेर काढेल, आणि बरोबर करेल.

सफारीचं नाव 2021 मध्ये पुन्हा आलं. सुमोचं येईल असं मला वाटत नाही, आणि यावं असंही नाही. नाव मात्र बाहेर टिकलंय. पुतण्या सैन्यात आहे, तो अरुणाचलला होता. तिकडे वडापच्या कुठल्याही गाडीला "सुमो"च म्हणतात आणि तिकीट "सुमो काउंटर"वर मिळतं, प्रत्यक्षात गाडी कुठल्याही कंपनीची असो. आणि तेलुगू सिनेमांत, आंध्रातल्या रायलसीमा भागातल्या टोळीवैराच्या गोष्टींत, पांढऱ्या सुमोंची रांग धुरळा उडवत येते आणि हिरोनं बोट लावलं की हवेत उडते. आमचे हे असं दृश्य लागलं की कळवळतात. "पाटे नवीन दिसतायत," म्हणतात.

आज कुणी जुनी सुमो घ्यायची म्हणत असेल तर गोल्ड बघावी, शेवटच्या दोन-तीन वर्षांतली. घाटमाथ्यावर शेत आहे, सामान आणि माणसं दोन्ही न्यायची आहेत, मिस्त्री ओळखीचा आहे, अशांसाठी अजून चांगली. वडापला चाललेली घेऊ नका, कितीही रंग मारलेला असो. दारांचे खालचे कोपरे आणि मागचा पत्रा हातानं चाचपून बघा, गंज तिथे बसतो. पंधरा वर्षांनंतर आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पुन्हा करून घ्यावी लागते, तो खर्च धरा. दिल्लीकडे न्यायची असेल तर जुन्या डिझेलबद्दलचे तिथले नियम आधी बघा. आणि शहरात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबानं, हौस म्हणून, घेऊ नये. रिकामी सुमो त्रास देते.

आमच्या गाडीची आरसी 2012 मध्ये एकदा वाढवून घेतली होती. 2017 मध्ये पुन्हा करावी इतकं तिच्यात काही राहिलं नव्हतं. भंगारवाल्यानं वजनावर नेली. नेण्याआधी मी त्याला मागचे दोन्ही बाक काढून ठेवायला सांगितलं. एकाचा सांगाडा कुजलेला निघाला, तो त्यानं नेला. दुसऱ्याला फॅब्रिकेशनवाल्याकडून चार पाय वेल्ड करून घेतले, रेक्झिन बदललं, आणि तो ओसरीत ठेवला. आत्याबाई शेवटची दोन वर्षं दुपारी त्याच्यावरच पडायच्या. आयुष्यभर मधल्या सीटवर बसलेली बाई. म्हणायच्या, "बरा हाय की गं, तू उगा कुरकुरायचीस."

आता संध्याकाळचा चहा मी तिथे घेते. समोरचा बाक नाही, म्हणून हे प्लास्टिकची खुर्ची ओढून समोर बसतात. गुडघे लागत नाहीत, एवढंच.